चारशे सतरा नंबरचं बाड

१

कापलेलं पान डोळ्यांआधी बोटाला कळतं. श्रावस्तीनं चारशे सतरा नंबरचं बाड मध्यावर उघडलं, शिवणीजवळ बोट फिरवलं, आणि खरखरीत कड लागताच बाड उजेडाकडं वळवलं.

चौदा पानं गेली होती. कुणीतरी ब्लेडनं एकेक करून कापून नेली होती. मागं उरल्या होत्या फक्त कागदाच्या अरुंद पट्ट्या, वेड्यावाकड्या, कुठं अर्धा बोट तर कुठं बोटभर.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं. आवाज चढू नये म्हणून तिला दात आवळावे लागले.

दोन वर्षं ती या पुस्तकामागं होती. लोहाऱ्याची श्रावस्ती सोलापूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती, आणि जुनी छापील संस्कृत पुस्तकं कुठल्या कपाटात पडली आहेत ते शोधून काढणं हा तिचा खरा उद्योग. इंग्रजांच्या काळातल्या छापील पुस्तकांच्या एका सरकारी यादीत तिला चार ओळींची नोंद सापडली होती : 'कूपोदकनिर्णय. भाषा संस्कृत. धारवाड, १८८७. पृष्ठे चोवीस. कर्ता पिराजी रामजी, राहणार जळकोट.' विषय, विहिरीचं पाणी माणसाच्या शिवण्यानं बाटतं का.

जळकोटचा पिराजी रामजी १८८७ साली गावाच्या कुठल्या अंगाला राहत असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचे स्वतःचे पूर्वज लोहाऱ्यात त्याच अंगाला राहत होते. छप्पन साली ते बौद्ध झाले, तोवर गावच्या विहिरीवर त्यांचा दोर कधी पडला नव्हता.

पुण्यात, मुंबईत, चेन्नईत, परदेशातल्या सूचींतही पुस्तकाचा पत्ता नव्हता. मग नळदुर्गच्या लोकबोध वाचनालयाची जुनी छापील यादी हाती लागली. तीत क्रमांक ४१७ : 'संकीर्ण पुस्तिका, पाच एकत्र बांधलेल्या. त्यांत कूपोदकनिर्णय.' तिनं अध्यक्षांना पत्र लिहिलं, त्यात सरकारी नोंद जशीच्या तशी उतरवली. सोमवारी वाचनालयाच्या शरणबसप्पांचा फोनवर निरोप आला, 'बाड आहे. या.' शुक्रवारी ती आली, आणि पुढ्यात हे होतं.

"कुणी केलं ते उघड आहे," अध्यक्ष शिवप्रसाद म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचा सदरा, बोलताना समोरचा वर्गात बसलाय असाच सूर. "बाडाचा पुठ्ठा निघाला होता. बुधवारी बाबामियाँ ते शिवायला घरी घेऊन गेला. ब्लेड त्याच्याकडं, सुरी त्याच्याकडं. दिलं असेल कुणा जुन्या वस्तूवाल्याला. मी उद्या ठाण्यात अर्ज देणार."

बाबामियाँ दाराशी स्टुलावर बसले होते. सत्तरीचा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी या वाचनालयाची पुस्तकं बांधली होती.

"आणि खरं सांगू का बाई," अध्यक्ष पुढं म्हणाले, "तुमची ती सरकारी यादीच चुकीची. कूपोदकनिर्णय माझ्या पणजोबांनी लिहिला. शास्त्रीबुवा म्हणत त्यांना. रविवारी आपल्या सभागृहाला त्यांचं नाव देतोय, कोनशिलेवर तसं कोरलंय. आता पुस्तकच नाही म्हटल्यावर तुमचा कोण तो पिराजी, त्याचा वादही मिटला."

श्रावस्तीनं बाड मिटलं.

"अर्ज उद्या संध्याकाळपर्यंत थांबवा," ती म्हणाली. "त्याआधी चोर मी सांगते."

२

बाबामियाँचं घर किल्ल्याच्या बाजूला होतं. पुढच्या खोलीत पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, खळीचं भांडं, कापडाच्या पट्ट्या. त्यांच्या बायकोनं, जमिलाबींनी, चहा आणून ठेवला आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"इचारा, काय इचारायचं ते," त्या म्हणाल्या. "चाळीस साल ह्यांनी लोकांच्या देवाच्या पोथ्या शिवल्या. मांडी घालून, हात धुऊन. तवा कुणी न्हाय म्हनलं चोर."

"चाची, मी त्यांना चोर म्हणायला आले नाही."

"मग मगाशी तितं गप का बसली होतीस?"

श्रावस्तीनं फोनवर काढून घेतलेले फोटो बाबामियाँपुढं धरले.

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि पट्ट्यांचे फोटो पुढंमागं करून पाहिले. मग शेजारचं एक फाटकं पुस्तक उचललं. "बेटी, ह्ये बघ. पुस्तक म्हंजी काय, जुज. आठ-सोळा पानांची घडी, तिला आमी जुज म्हनतो. जुजावर जुज ठेवून दोऱ्यानं शिवायचं." त्यांनी नखानं आतला दोरा उचलला, सुरीचं टोक लावलं, आणि सबंध घडी पुस्तकातून अलगद निघून आली. पुस्तक मिटल्यावर काही गेलंय असं वाटेना. "मला न्यायचंच असतं तर असं नेलं असतं. म्या कापीन कशाला? आन कापलंच तर खाली पत्रा घालीन. त्यानं तर खालचं पान बी चिरलंय. दिसतंय का? ज्यानं कापलं त्याला पुस्तक कसं बांधत्यात त्ये ठावं न्हाय."

"हे मघाशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. तू गेल्यावर दोनदा सांगितलं. अध्यक्ष म्हनले, तू मला शिकवू नको."

चाळीस वर्षांचं कसब म्हाताऱ्यानं अध्यक्षांपुढं मांडलं होतं, आणि त्यांनी ऐकूनच घेतलं नव्हतं.

घरी लोहाऱ्याला जाताना जीपमध्ये तिनं फोटो मोठे करून पाहिले. कापणाऱ्याचा हात तिरका चालला होता, म्हणून काही पट्ट्यांवर ओळींची कडेची अक्षरं उरली होती. पहिल्याच पट्टीवर, ओळीच्या सुरुवातीला, देवनागरीत ठळक अक्षर होतं : कू.

कूपोदकनिर्णय. तिचं पुस्तक होतं, आणि गेलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. शेजारी दोन बाया मांडीवर पिशव्या घेऊन बसल्या होत्या, म्हणून ती गप्प राहिली आणि बोटानं पुढचे फोटो सरकवत गेली. पानांच्या मागच्या बाजूंवर ओळींची शेवटची अक्षरं उरली होती. एका पट्टीवर हा. खालच्या ओळीलाही हा. त्याखालीही हा.

असं कुठलं पुस्तक, ज्याची प्रत्येक ओळ 'हा'नं संपते?

३

शनिवारी सकाळी शरणबसप्पा कुलूप काढत होते, तोवर ती पायरीवर येऊन बसली होती. शरणबसप्पा वाचनालयाचे एकुलते एक नोकर, साठीला टेकलेले, हळू बोलणारे.

"किल्ल्या कुणाकडं असतात?"

"माज्याकडं एक, अध्यक्षांकडं एक."

"सोमवारपासून बाड कुणी कुणी हाताळलं?"

"सोमवारी म्या काडलं. मंगळवारी भागवत सर आले होते धाराशिवहून, अर्धा तास बसले. बुदवारी बाबामियाँ. त्यांनी बिस्तरवारी सकाळी परत आणलं, म्या टेबलावर ठिवलं. दुपारी म्या जेवायला घरी गेलतो. अध्यक्ष होते बसून, रविवारच्या कामाचं बघत." ते थांबले. "म्या आत बगितलं न्हाय, मॅडम. कुणी आत बगितलंच न्हाय. परत आणल्यावर बी न्हाय, आदी बी न्हाय."

तिनं बाड पुन्हा मागून घेतलं आणि पहिल्यापासून चाळलं. पहिली पुस्तिका स्तोत्रांची. दुसरी पंचांग कसं बघावं याची. तिसरी कापलेली. चौथी मुलांच्या अंकगणिताची. तिच्या पहिल्या पानावर ब्लेडची चीर उमटली होती. शेवटची कानडी लिपीतली, गोल गोल अक्षरांची. पाचही पुस्तिकांची रंगीत वेष्टनं बांधताना काढून टाकली होती.

"ही कानडी तुम्हाला वाचता येते?"

"येती की. माजी शाळा आळंदची, कानडी. तरणा असताना ही उगडून बगितली होती एकदा. अक्षरं कळत्यात, बोली कळत न्हाय. लई जुनं कानडी असंल." त्यांनी हात झटकला. "मग कोन बघतंय."

श्रावस्तीचं लक्ष नव्हतं. ती पट्ट्या मोजत होती. चौदा पानं म्हणजे अठ्ठावीस पृष्ठं. सरकारी यादी सांगत होती चोवीस.

तेवढ्यात भागवत सर आले. धाराशिवला संस्कृत शिकवत. रविवारच्या समारंभाचे प्रमुख वक्ते तेच, आणि शास्त्रीबुवांच्या गौरवग्रंथाची प्रस्तावनाही त्यांची.

"सर, मंगळवारी तुम्ही हे बाड अर्धा तास पाहिलंत. आत काय होतं?"

"मी उघडलं नाही."

"अर्धा तास?"

भागवत सरांनी चष्मा काढला. "प्रस्तावना आधीच छापायला गेली होती. त्यात मी लिहिलंय, ग्रंथ शास्त्रीबुवांचा. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून लिहिलं. तुमच्या पत्राची नक्कल त्यांनी मला दाखवली आणि मी इथं आलो. बाड पुढ्यात घेऊन बसलो. उघडायची हिंमत झाली नाही."

"तुम्ही संस्कृतचे प्राध्यापक आहात."

"हो."

"पुस्तक न बघता कर्ता ठरवलात. आणि बघायची वेळ आली तेव्हा डोळे मिटून घेतलेत. तुमच्यापेक्षा चोर बरा, सर. त्यानं निदान उघडून तरी पाहिलं."

भागवत सरांनी चष्मा पुन्हा लावला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शिडी लावत होतं. शरणबसप्पा खिडकीतून बघून म्हणाले, "उद्याचा फ्लेक्स आला वाटतं."

४

फ्लेक्स वाचनालयाच्या दारावरच चढत होता, दहा फूट रुंद. डावीकडं पागोट्यातले शास्त्रीबुवा, उजवीकडं हात जोडलेले अध्यक्ष, आणि मधोमध पिवळसर कागदाच्या एका पानाचा मोठा फोटो. खाली लिहिलं होतं, 'शास्त्रीबुवांच्या दुर्मिळ कूपोदकनिर्णय ग्रंथाचे पान'.

श्रावस्ती रस्त्यातच उभी राहिली. एक टेम्पो हॉर्न वाजवत तिला वळसा घालून गेला.

पानाची पहिली ओळ होती : 'पप्रतिष्ठां वक्ष्यामि'.

तिनं ती दोनदा वाचली. पुढच्या ओळींचीही पहिली अक्षरं जाग्यावर नव्हती. मग तिनं फोन काढला, पहिल्या पट्टीचा फोटो उघडला, आणि ते एकटं अक्षर फ्लेक्सवरच्या ओळीआधी मनातल्या मनात ठेवलं. कू. कूपप्रतिष्ठां वक्ष्यामि. आता मी विहिरीच्या प्रतिष्ठेचा विधी सांगतो.

विधी. होम. आहुत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी हा, हा, हा. स्वाहा.

हसावं की दगड उचलून फ्लेक्सवर मारावा, तिला कळेना. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती धावतच पायऱ्या चढली.

५

दुपारी चारला अध्यक्ष आले, हातात ठाण्याचा टाइप केलेला अर्ज घेऊन. बाबामियाँ आणि जमिलाबी आले होते, भागवत सर होते, शरणबसप्पा कपाटाला टेकून उभे होते. बाड टेबलावर होतं.

"सांगा," अध्यक्ष म्हणाले. "चोर कोण?"

"आधी कोण नाही ते सांगते. बाबामियाँ नाहीत. त्यांनी दोरा कापून अख्खी घडी काढली असती, मागं चिंधी उरली नसती. हे त्यांनी तुम्हाला दोनदा सांगितलं."

"ते तो म्हणणारच."

"भागवत सर नाहीत. कारण जी पानं गेली ती कूपोदकनिर्णयाची नव्हतीच." तिनं फोन टेबलावर ठेवला. "विहीर बांधल्यावर जी पूजा करतात, तिची ती पद्धत होती. पट्ट्यांवर ओळीमागून ओळ 'हा'नं संपते. स्वाहा, स्वाहा. वादाच्या ग्रंथात कुणी ओळीगणिक आहुती देत नाही. संस्कृत येणाऱ्यानं दोन ओळी वाचून ते खाली ठेवलं असतं. ज्यानं कापलं त्याला फक्त 'कूप' एवढं कळलं."

भागवत सरांनी मान वर केली.

"तिसरे शरणबसप्पा. चोर असते तर शोधायला बसले असते, आणि शोधताना पाचही पुस्तिकांची पहिली पानं वाचली असती. मग त्यांनी वेगळीच पुस्तिका नेली असती. का, ते सांगते थोड्या वेळानं. म्हणजे चोर असा, ज्याला बांधणी कळत नाही, संस्कृत येत नाही आणि कानडी वाचता येत नाही. पण माझं पत्र त्यानं नीट वाचलेलं होतं, आणि पुस्तक माझ्या हाती लागू नये याची त्याला निकड होती."

"म्हणजे मी," अध्यक्ष म्हणाले. "शास्त्रीबुवांच्या पणतूला संस्कृत येत नाही, असं तुम्ही म्हणताय?"

"मी नाही. दारावरचा फ्लेक्स म्हणतोय. 'पप्रतिष्ठां' या शब्दाचा अर्थ सांगा."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "ते पान आमच्या घरच्या पोथीतलं आहे. वाळवीनं कड खाल्ली."

"वाळवी इतकी सरळ खात नाही. आणि वाळवीनं खाल्लेलं 'कू' या बाडात कसं आलं?" तिनं बाड उघडून पट्टी दाखवली. "ते पान घेऊन या. इथं लावून बघू. कड कडेला बसली नाही तर हात जोडून तुमची माफी मागते."

शिवप्रसादांनी हातातल्या अर्जाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"कर्त्याचं नाव कुठंच नव्हतं त्यात," ते शेवटी म्हणाले. आवाज बसला होता. "मी सगळं पाहिलं. पिराजी नव्हता, कुणीच नव्हतं. मग शास्त्रीबुवांचं का नसावं? लहानपणापासून घरात ऐकत आलोय. तुम्ही आला असतात, त्या यादीतलं नाव चिकटवलं असतं त्याला. मी घराण्याचं नाव राखलं."

"आणि बाबामियाँचं?"

"त्याचं काय? समज देऊन सोडलं असतं."

जमिलाबी पुढं झाल्या. सगळ्यांना वाटलं, त्या आता ओरडतील. त्यांनी फक्त अध्यक्षांच्या हातातला अर्ज काढून घेतला आणि नवऱ्याच्या खिशात ठेवला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," त्या बाबामियाँना म्हणाल्या. "कामाला येतंय."

"मग कूपोदकनिर्णय?" भागवत सरांनी विचारलं. "तो कुठं आहे?"

"सरकारी यादीत भाषा लिहिली होती, संस्कृत. लिपी लिहिली नव्हती," श्रावस्ती म्हणाली. "छापलं धारवाडला. मी इतकी वर्षं हाच उद्योग करते, तरी देवनागरीच धरून चालले. माझी चूक. बारा पानं, चोवीस पृष्ठं. शरणबसप्पा, ती शेवटची पुस्तिका घ्या. बोली कळायची गरज नाही. नुसती अक्षरं वाचा."

शरणबसप्पांनी पुस्तिका काढली, बोट ओळीखाली ठेवलं आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर लावत वाचायला लागले.

"कू... पो... द... क... निर्ण... य."

भागवत सर खुर्चीवरून उठले.

"कूपः पृच्छति नो जातिं," शरणबसप्पा वाचत होते, "न रज्जुर्न घटो न भूः. यः पृच्छति तटे तिष्ठन्, स एव मलिनो जनः." ते थांबले. "याचा अर्थ काय, मॅडम?"

"विहीर जात विचारत नाही. दोर विचारत नाही, घागर नाही, माती नाही. काठावर उभं राहून जो विचारतो, तोच तेवढा विटाळलेला."

बाबामियाँनी डोळे मिटून घेतले. शरणबसप्पांनी शेवटचं पान काढलं. त्यावर होतं, जळकोटचा, रामजीचा मुलगा पिराजी यानं हे रचलं. तीन देवनागरी छापखान्यांनी ते परत पाठवलं, म्हणून कानडी अक्षरांत छापलं.

"आपण समजुतीनं घेऊ," शिवप्रसाद म्हणाले. "कोनशिलेवर दोन्ही नावं घालू. शास्त्रीबुवा आणि तो..."

"तो नाही. ते," श्रावस्ती म्हणाली. "आणि त्यांचं नाव तुमच्या दगडावर नको. उद्या समारंभात भागवत सर प्रस्तावना परत घेतील, आणि तुम्ही माइकवरून सांगाल की पानं तुम्ही कापली. सांगितलं नाहीत तर चाचांच्या खिशातला अर्ज आहेच, फक्त नाव बदलायचं."

भागवत सर म्हणाले, "मी परत घेतो." त्यांचा आवाज अगदी बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

६

रविवारी समारंभ झालाच नाही. शिवप्रसादांनी सकाळीच बाबामियाँच्या दारात येऊन माफी मागितली आणि अध्यक्षपद सोडत असल्याचं लिहून दिलं. माइकवर बोलायचं धाडस त्यांना झालं नाही. बाबामियाँनी त्यांना आत बोलावलं नाही. कापलेली चौदा पानं कागदात गुंडाळून परत आली. ती जागेवर बसवून द्यायची की नाही, याचा विचार करतो, एवढंच बाबामियाँ म्हणाले.

श्रावस्तीनं चोवीस पृष्ठांचे फोटो काढले आणि जळकोटला गेली. पिराजींच्या नातवाची सून मथुराबाई तिथं होत्या. ऐंशीच्या पुढं वय, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आपल्यातल्या कुणी बुक लिवलं होतं, एवढं त्यांनी सासऱ्याकडून ऐकलं होतं. घरात कुणी ते पाहिलं नव्हतं.

श्रावस्तीनं श्लोक वाचला, अर्थ सांगितला. मग आणखी चार वाचले. म्हातारीचे हात शेंगांवर थांबले होते.

"ह्ये त्यानं लिवलं, छापलं," मथुराबाई म्हणाल्या. "मग दिलं का त्यांनी पानी?"

श्रावस्तीला खोटं सांगावंसं वाटलं.

"नाही दिलं, आजी."

"माज्या लग्नानंतर बी न्हाय दिलं. म्या काठाला घागर ठिवून हुबी राह्यची, दुपार हुस्तोर. कुनी वतलं तर वतलं." त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. "आन मला ठावं असतं, की आपल्या मानसानं त्यान्लाच बाटलेले म्हनून लिवून ठिवलंय, तर म्या हुबी राह्यले नसते. दोर टाकला असता."

मग त्यांनी सूप बाजूला सारलं आणि सरळ बसल्या.

"पयल्यापून वाच," त्या म्हणाल्या. "मोट्यानं वाच. गल्लीत ऐकू जाऊ दे."